जळगावच्या ऑफिसातला सामायिक गिट सर्व्हर

रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. सगळ्यांचा कोड एकाच लिनक्स मशिनवर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, असतो. नव्या पोरांना मी आधी हेच सांगतो: प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, एसएसएच की (सर्व्हरवर ओळख पटवणारी फाइल) वेगळी. कोणी नोकरी सोडली, की त्याच दिवशी त्याची की काढा.

मग सगळ्यांचा एक ग्रुप करा. रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) 'बेअर', म्हणजे कामाच्या फाइलींशिवाय नुसता इतिहास ठेवणारी, बनवा आणि बनवतानाच 'शेअर्ड' पर्यायाला 'ग्रुप' द्या. हे करायचं राहून गेलं की एकाच्या पुशनंतर (आपला कोड सर्व्हरवर पाठवल्यानंतर) दुसऱ्याला 'परमिशन डिनाइड' येतं, आणि घाईत कोणीतरी सगळ्यालाच ७७७, म्हणजे कोणालाही वाचायची-लिहायची-चालवायची परवानगी, देऊन मोकळा होतो. ते अजिबात नको! रिपॉझिटरीचा ग्रुप बदला, ग्रुपला लिहायची परवानगी द्या, आतल्या सगळ्या फोल्डरांवर सेटजीआयडी बिट लावा; या खुणेमुळे आतली नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. 'शेअर्ड' दिलं की इतिहास पुसणारा फोर्स पुशही गिट नाकारतं. कितीही आग्रह झाला तरी ती अडवणूक काढू नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, त्यात वीज गेली तर मशिनचा भरवसा नाही. यूपीएस हवाच. शिवाय भुसावळच्या मशिनवर 'मिरर' क्लोन (रिपॉझिटरीची हुबेहूब नक्कल) ठेवा, रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्रामने) अपडेट करा आणि महिन्यातून एकदा त्यातून कोड काढून बिल्ड करून बघा.