त्रिमितीय मेश मॉडेल कोणत्या फाइलमध्ये जतन करावे
मेश मॉडेल म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे त्रिकोणासारखे छोटे पृष्ठभाग यांच्या जाळीने बनलेली वस्तू. अशा मॉडेलची मूळ प्रत ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले त्याच्याच स्वरूपात, म्हणजे ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास ब्लेंड फाइलमध्ये, ठेवावी. कारण मॉडिफायरसारख्या (मूळ मेश न बदलता त्यावर लागू केलेले बदल) गोष्टी इतर स्वरूपांत बहुधा टिकत नाहीत. त्यानंतर गरजेनुसार दुसरी प्रत काढावी.

थ्रीडी प्रिंटिंगसाठी १९८७ पासूनचे एसटीएल हे फाइल स्वरूप आजही चालते. मात्र त्यात केवळ त्रिकोण साठवले जातात; मापाचे एकक नसते, त्यामुळे मीटरमध्ये तयार केलेली वस्तू स्लायसर (छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणारे सॉफ्टवेअर) मिलिमीटरमधील समजून हजारपट लहान दाखवू शकतो. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण ५० बाइट घेतो, म्हणून दहा लाख त्रिकोणांची फाइल सुमारे ५० मेगाबाइटची होते. मजकूर स्वरूपातील प्रत याहून कितीतरी फुगते आणि ती निवडण्याचे कारण क्वचितच सापडते. एकक जपायचे असल्यास थ्रीएमएफ हे स्वरूप बरे.

ओबीजे स्वरूपातील फाइल पाठवताना सोबतची एमटीएल फाइल (रंग व पृष्ठभागाची माहिती) आणि टेक्श्चरची, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची, चित्रे विसरू नयेत, अन्यथा समोरच्याला मॉडेल रंगहीन दिसते. वेबसाठी जीएलबी स्वरूप घ्यावे, त्यात सारे एकाच फाइलमध्ये मावते. शिरोबिंदूंना रंग असलेल्या स्कॅनसाठी पीएलवाय स्वरूप योग्य ठरते. असे स्कॅन मेशलॅब या मेश दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दुबार शिरोबिंदू काढावेत आणि भोके बुजवावीत, मगच जतन करावे.