नवीन बुलपप एअर रायफल: खोक्यातून काढल्यापासून झिरो करेपर्यंत

बुलपप पहिल्यांदा हातात घेतली की वाटतं ही एवढीशी कशी काय, आणि गंमत अशी की बॅरल मात्र नेहमीच्या लांब रायफलीएवढंच असू शकतं, फक्त ट्रिगर पुढे सरकवलेला असतो आणि सगळी यंत्रणा मागे बटमध्ये, म्हणजे जवळजवळ तुमच्या गालाखाली नेलेली असते. पुढच्या सगळ्या भानगडी ह्या एका गोष्टीतून येतात. स्कोप उंच बसतो, ट्रिगर एका लांब दांडीने मागच्या यंत्रणेला जोडलेला असतो, वजन खांद्याकडे येतं आणि मझल, म्हणजे बॅरलचं तोंड, पुढच्या हाताच्या फारच जवळ येतं. साध्या रायफलीची सवय असलेला माणूस ही उचलतो, समोर दहा मीटरवर नेम धरून मारतो, छर्रा भलताच खाली लागतो आणि मग तो म्हणतो बॅरल वाकडं आहे. बहुतेक वेळा बॅरलला काहीही झालेलं नसतं.

इथे मी पीसीपी धरून चाललोय, म्हणजे टाकीत आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी. किती ताकदीची, कुठल्या कॅलिबरची म्हणजे किती जाड छर्ऱ्याची, मॉडरेटर (आवाज कमी करणारी नळी) चालतो की नाही, हे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, ते तुम्ही आधीच बघून घेतलेत असंही धरतो.

खोक्यातून काढल्यावर पहिलं काम: मॅगझिन काढा, साइड लिव्हर (बाजूची दांडी) मागे ओढा आणि ब्रीचमध्ये, म्हणजे छर्रा जिथून बॅरलमध्ये शिरतो तिथे, उजेड पाडून बघा. नवी असली तरी बघा. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं अजिबात नाही, एक छर्रा आत बॅरलमध्ये बसलेला असू शकतो. आणि आखूड रायफलीचा एक खास धोका आहे तो आत्ताच सांगून टाकतो, मान वळवून कोणाशी बोललं की ही अख्खी रायफल तुमच्याबरोबर वळते, लांब बॅरल कुठे तरी अडतं किंवा निदान जाणवतं, हिचं जाणवत नाही. पुढचा हात मझलच्या पुढे जातोय का तेही बघत राहा, काही मॉडेलवर पकडायला जागाच कमी असते.

आता हवा. मॅन्युअलमध्ये किंवा टाकीवर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, बऱ्याच रायफलींना २०० ते २५० बार, काहींना ३००, जो तुमच्यावर लिहिलाय तोच तुमचा आकडा, मित्राच्या रायफलीला किती चालतं त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. भरायची ती कोरडी हवा. हातपंप, डायव्हिंगचा सिलिंडर किंवा छोटा कॉम्प्रेसर, काहीही चालेल, पण ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही जोडायचा नाही, दाबातला ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, ह्यात तडजोड नाही. त्याच कारणाने हवेच्या वाटेत कुठेही साधं मशीनचं तेल घालायचं नाही. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) लावायचं तर सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं.

भरण्याआधी फिल प्रोब (हवा भरायची नळी रायफलीत खुपसायचं टोक) किंवा जोडणीचं तोंड पुसून घ्या, कारण तिथली बारीक धूळ थेट व्हॉल्व्हच्या सीलवर जाऊन बसते आणि मग महिनाभर हवा गळते आणि कळत नाही का गळते. टाकी पूर्ण रिकामी आली असेल तर काही रायफली कॉक करून (लिव्हर ओढून हॅमर मागे अडकवून), सेफ्टी लावून, मगच भराव्या लागतात, नाहीतर हॅमर, म्हणजे व्हॉल्व्ह ठोकून उघडणारा भाग, व्हॉल्व्हवर टेकलेला असतो आणि भरलेली हवा मझलमधून फुसफुसत निघून जाते. सिलिंडरचा नॉब सावकाश उघडा, अगदी हळू, कारण हवा झपकन दाबली की तापते, आणि तापलेली टाकी निवली की गेजचा काटा खाली येतो आणि मग लोकांना वाटतं लीक आहे. हातपंप असेल तर थोडे स्ट्रोक मारून थांबा, पंप निवू द्या, खालचा ब्लीड (दाब सोडायचा स्क्रू) उघडून पाणी उडवून द्या, मग परत. भरून झाल्यावर नळीतली हवा ब्लीड करूनच जोडणी काढायची, ब्लीड न करता ओढाओढ केली की ती निघतही नाही आणि निघाली तर हातावर सटका बसतो. रायफलीवरचं छोटं गेज फार काटेकोर नसतं, सिलिंडरचं किंवा पंपाचं मोठं गेज जास्त भरवशाचं. भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, काटा तिथेच असेल तर पुढे चला.

स्कोप लावायची घाई सगळ्यांना असते पण त्याआधी रायफल अंगाला बसवा. डोळे मिटून खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा, डोकं जिथे आपोआप आलं तिथे स्कोप यायला पाहिजे, स्कोपच्या मागे डोकं न्यायचं नाही. गालाची पट्टी वरखाली होत असेल आणि बटपॅड सरकत असेल तर ते आत्ताच करून घ्या. बुलपपमध्ये डोकं सरळ आणि उंच राहतं, साध्या रायफलीसारखं पुढे वाकून मान घालायची गरज नसते, आणि सवयीने घातली तर अर्ध्या तासात मान भरून येते. स्कोप धरणाऱ्या रिंग किती उंच घ्यायच्या हे मॅगझिन ठरवतं, कारण बऱ्याच ठिकाणी ते रेलच्या, म्हणजे रिंग बसवायच्या पट्टीच्या, वर डोकावतं आणि स्कोपची नळी त्याच्यावरून जावी लागते. मॅगझिन घालून आणि काढून बघा, आणि लिव्हर पूर्ण मागे-पुढे करून बघा, अंगठा स्कोपच्या नॉबवर आपटतोय का. डोळ्यापासून स्कोपचं अंतर साधारण ८ ते १० सेमी, झूम पूर्ण वाढवून ठेवा आणि काळी कडा न दिसता पूर्ण गोल दिसेपर्यंत पुढेमागे सरकवा.

स्कोप घेताना एक गोष्ट बघा, पॅरालॅक्स, म्हणजे टार्गेटच्या अंतरानुसार स्कोप जुळवायची सोय, १० मीटरपर्यंत खाली येतो का. सेंटरफायर (दारूच्या काडतुसांच्या) रायफलीचे बरेच स्कोप १०० यार्डाला फिक्स असतात, ते जवळ धुरकट दिसतात आणि डोकं जरा हललं की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतं.

क्रॉसहेअर सरळ करायला रेलवर छोटी लेव्हल ठेवा, समोर वीसेक मीटरवर दोरीला वजन लावून ओळंबा टांगा आणि उभी रेघ दोरीवर आणा. रिंगचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे, १५ ते २० इंच-पाउंड म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याच्यावर नको. तिरकेपणा फार महागात पडतो. ३० मीटरला झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि छर्रा एकाच जागी येतील अशी जुळवलेली, रायफल ५ अंश कलली की तिथेच छर्रा ६ मिमी बाजूला जातो आणि ५० मीटरला १४ मिमीच्या आसपास, आणि ५ अंश म्हणजे सहज लक्षात पण येत नाही. बुलपप आखूड आणि जाडजूड असल्याने हातात सहज कलते, म्हणून स्कोपच्या नळीवर लावायची बबल लेव्हल मी फालतू खर्च मानत नाही.

बॅरलमधून कोरडे पॅच (कापडाचे तुकडे) ओढून घ्या, शक्यतो ब्रीचकडून मझलकडे, कारखान्यातलं तेल निघेल. चकाचक करायच्या मागे लागू नका, छर्ऱ्याचं शिसं बॅरलला थोडं लागल्यावरच ग्रुप बसायला लागतात, म्हणजे छर्रे एकमेकांजवळ लागायला लागतात. ०.२२ कॅलिबरमध्ये १६ आणि १८ ग्रेन वजनाचे, ०.१७७ मध्ये ८ आणि १० ग्रेनच्या आसपासचे, असे तीन-चार प्रकारचे डायबोलो (मध्ये कंबर असलेले) छर्रे घ्या, छोटे डबे. बॅरलला कुठला आवडतो हे मारल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, सांगणारे मात्र भरपूर भेटतात.

मागे काय आहे ते बघितल्याशिवाय पहिला शॉट मारायचा नाही. चुकलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. जुने कपडे किंवा रबराचे तुकडे घट्ट ठासलेलं खोकं आणि त्याच्या मागे जाड लोखंडी प्लेट, हे चांगलं काम करतं, उघड्या प्लेटवर किंवा दगडावर मारलं तर छर्रा परत फिरतो, म्हणून चष्मा सगळ्यांनी लावायचा, बघत बसलेल्यांनीसुद्धा.

आता ज्याच्यासाठी एवढा पसारा, ती उंची. समजा ०.२२ आहे, १८ ग्रेनचा छर्रा ८८० एफपीएसने (फूट प्रति सेकंद) सुटतोय, स्कोपचा मध्य बॅरलच्या मध्यापासून ६५ मिमी वर आहे आणि झिरो ३० मीटरला आहे. हिशोब केला तर १० मीटरला छर्रा साधारण २७ मिमी खाली लागतो आणि ५ मीटरला ४४ मिमी खाली. तीच रायफल साध्या ठेवणीची असती, स्कोप ४० मिमीवर, तर १० मीटरला फरक फक्त सेंटीमीटरभर. पण २० ते ३० मीटरमध्ये हीच बुलपप अर्ध्या सेंटीमीटरच्या आत मारते, मग ४० ला दीडेक सेमी खाली आणि ५० ला ५ सेमीच्या आसपास. म्हणजे जवळ जास्त सांभाळायचं, मधल्या टप्प्यात बिनधास्त.

म्हणून झिरो करताना आधी १० मीटरला कागद लावा पण तिथे मधोमध आणायचा प्रयत्न करू नका, डावं-उजवं सरळ करा आणि छर्रा अडीच सेमी खाली सोडा, मग ३० मीटरला गेलात की जवळपास जागेवरच असाल. पाच शॉटचा ग्रुप मारा, त्याचा मध्य बघा, तेवढंच फिरवा, एका शॉटवरून नॉब फिरवत बसलं की दिवस जातो आणि झिरो होत नाही. स्कोपचा नॉब एका क्लिकला किती हलवतो ते एमओए किंवा मिलरेड ह्या कोनाच्या मापात लिहिलेलं असतं: १/४ एमओएचा क्लिक ३० मीटरला २ मिमीच्या जरा वर हलवतो, ०.१ मिलरेडचा ३ मिमी.

रायफल पुढून पिशवीवर टेकवायची ती स्टॉकवर (हातात धरायच्या सांगाड्यावर), बॅरल किंवा टाकी टेकवायची नाही. वजन मागे असल्याने मागची पिशवी इथे जास्त महत्त्वाची, बट नीट बसली की क्रॉसहेअर आपोआप शांत होतं. पीसीपीला स्प्रिंगवाल्या रायफलीसारखे पकडीचे नखरे नसतात, पण शॉट सुटल्यावर लगेच डोकं वर काढलं तर ग्रुप फाटतोच, क्रॉसहेअरमधून भोक पडलेलं दिसेपर्यंत तसंच राहायचं. ट्रिगर दांडीवर चालत असल्याने जरा लिबलिबीत वाटू शकतो. पहिली स्टेज हळू घ्या, जिथे अडतो तिथे थांबा, मग दाबा. हलका करायचा मोह झाला तर थोडासाच करा आणि नंतर छर्रा न घालता कॉक करून, मझल बॅकस्टॉपकडे, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या त्या खोक्याकडे, ठेवून, बटवर रबरी हातोडी हलके मारून बघा, सुटला तर परत जड करा. आणि हो, गाल यंत्रणेवर असल्याने हॅमरची ठण्ण तुम्हाला जोरात ऐकू येते, बाजूला उभ्या असलेल्याला तेवढं काही वाटत नाही.

लिव्हर अर्धवट ओढून सोडायचा नाही आणि दोनदा ओढायचा नाही, बऱ्याच रायफलींत दुसऱ्यांदा ओढलं की दुसरा छर्रा पहिल्याच्या मागे जाऊन बसतो. शंका आली तर बॅकस्टॉपमध्ये मारून मोकळे व्हा. छर्रा अडकलाच तर हवा पूर्ण काढून मग रॉडने ढकला.

क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर टाकी भरल्यापासून सगळे शॉट त्यावरून मारा आणि वेग आणि गेज दोन्ही लिहून ठेवा. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणारा भाग, असेल तर वेग एका रेषेत चालतो आणि टाकीचा दाब रेग्युलेटरच्या खाली आला की घसरतो, तिथे परत भरायचं. रेग्युलेटर नसेल तर वेग आधी चढतो मग उतरतो, त्यातला मधला सपाट भाग वापरायचा, टाकी गच्च भरून काही फायदा नाही. रायफल तासभर पडून राहिली आणि पहिलाच शॉट बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने गेला तर रेग्युलेटर क्रीप करतोय, म्हणजे त्याच्यापुढचा दाब हळूहळू चढतोय, नवा असताना थोडं होतं, वाढत गेलं तर दुरुस्तीला द्या. ताकद काढायची तर ग्रेन गुणिले एफपीएसचा वर्ग, भागिले ४५०२४०, वरच्या उदाहरणात ३१ फूट-पाउंड म्हणजे ४२ जूल येते. वेग वाढवायच्या नादात हॅमर स्प्रिंग आणि रेग्युलेटर लगेच पिळू नका, आवाजाच्या वेगाजवळ म्हणजे ३४३ मीटर प्रति सेकंदाकडे डायबोलो छर्रा डगमगायला लागतो, २७०-२८० च्या पुढे नेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

ठेवताना बॅरल रिकामं, कॉक सोडलेला, मॅगझिन बाहेर आणि टाकीत थोडी हवा राहू द्या म्हणजे सील बसलेले राहतात. हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे आहेत. पहिला डबा संपला की रिंगचे आणि स्टॉकचे स्क्रू परत तपासा, कारण नवीन रायफल ठोके खाऊन ढिली होते, आणि झिरो सरकला असेल तर नॉबला हात लावायच्या आधी तेच बघा.