घरच्यांना हलाल गुंतवणुकीच्या ॲपवर आणायचंय? आधी त्यांचं कुठे अडतंय ते विचारा

आमच्या कोकणात मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत हेच चालतं, मुलगा कुवेतला नाहीतर दुबईला, दर महिन्याला पैसे येतात आणि सेव्हिंग खात्यात पडून राहतात. व्याज आमच्यात हराम, म्हणून ते जमा झालं की अम्मी पासबुक बघून तेवढी रक्कम वेगळी काढते आणि कुणा गरजूला देऊन टाकते, सवाबाची (पुण्याची) नियत न धरता. एफडी नको, मग राहिलं सोनं आणि जमीन. मोबाईलवर आता शरियाला, म्हणजे इस्लामी नियमांना धरून चालणारे फंड मिळतात, टाटा एथिकल आहे, टॉरस एथिकल आहे, निप्पॉनचा निफ्टी ५० शरिया बीज आहे (त्याला डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं लागतं), तरी लोक हात लावत नाहीत. मी घरात आणि शेजारीपाजारी बऱ्याच जणांना बसून शिकवलंय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ॲप उघडून दाखवायची घाई करू नका. आधी विचारा, “खाला, तुम्हाला कसली भीती वाटते?” मला वाटायचं की उत्तर येईल, मोबाईल जमत नाही. पण बहुतेक वेळा उत्तर आलं, “हलालच्या नावावर लोकांनी पैसे बुडवलेत रे.” आणि ते खरंच आहे, २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमए कंपनीचं प्रकरण झालं, हलाल गुंतवणूक म्हणून हजारो साध्या मुसलमान घरांनी आयुष्यभराची कमाई दिली होती, ती अडकली. लग्नाचे पैसे, हजचे पैसे, काहींनी दागिने मोडून दिलेले. त्यामुळे ही भीती उडवून लावू नका, शहाणपण आहे ते.

उलट तिथूनच सुरू करा. त्यांना सांगा की दर महिन्याला ठरलेला परतावा नक्की मिळेल असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं, कारण धंद्यात भागीदारी असेल तर नफा आणि तोटा दोन्ही वाटून घ्यायचा असतो, भांडवलावर खात्रीचा आकडा दिला की ते व्याजाच्या वाटेलाच गेलं. मग सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या वेबसाइटवर जाऊन फंडाचं, सल्लागाराचं रजिस्ट्रेशन त्यांच्यासमोर शोधा, स्वतःच्या मोबाईलवर नाही, त्यांच्या मोबाईलवर. हे पाच मिनिटांचं काम आहे पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

दुसरा प्रश्न येतो, हे हलाल आहे हे ठरवलं कुणी? “शरिया जाणणाऱ्यांचं बोर्ड आहे ना” म्हणून सुटू नका. गाळणी कशी लागते ते सांगा: दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका, हे धंदे आधीच बाहेर, त्यामुळे शरिया निर्देशांकात मोठमोठ्या बँकांचे शेअर दिसतच नाहीत. मग हिशोब बघतात. आयोफी नावाची बहरीनची संस्था आहे, तिच्या नियमात व्याजाचं कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत लागतं आणि नाजायज उत्पन्न (व्याजासारखं) एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत. सगळे हेच आकडे धरत नाहीत, म्हणून एका ॲपवर हलाल दिसणारा शेअर दुसऱ्यावर नापास होऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर नंतर कळलं की माणूस म्हणतो तू मला फसवलंस. नावावरही जाऊ नका. अमेरिकेत वाहेद नावाचं हलाल गुंतवणुकीचं प्रसिद्ध ॲप आहे, त्याला २०२२ मध्ये तिथल्या एसईसीने (आपल्या सेबीसारखी संस्था) ३ लाख डॉलरचा दंड केला, आणि त्यातला एक आक्षेप हाच होता की शरिया पाळली जातेय की नाही हे तपासायची लेखी पद्धत त्यांनी केलेली नव्हती.

मोबाईलचा त्रास खरा येतो तो केवायसीला. पॅनवर नावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरंच, शेख पुढे का मागे यावरून अडतं. हे आधी घरी बसून जुळवून घ्या, कारण दोनदा रिजेक्ट झालं की माणूस तिसऱ्यांदा प्रयत्न करत नाही.

आणि कोण सांगतंय यालाही खूप वजन आहे. माझ्यासारख्या पोराने सांगितलं तर ऐकून सोडून देतात, तेच आखातात वीस वर्षं काढून आलेल्या मामूंनी सांगितलं तर पटतं, कारण त्यांनी तिथे इस्लामिक बँकेत खातं वापरलेलं असतं, दुबई इस्लामिक बँक तर १९७५ पासून आहे. मौलानांना विचारायचं असेल तर फंडाचं माहितीपत्रक आणि त्या महिन्याची शेअर्सची यादी प्रिंट काढून न्या, नुसतं “ॲप हलाल आहे का” विचारलं तर ते तरी काय सांगणार.

रक्कम लहान ठेवा आणि तिला नाव द्या. मलेशियात ताबुंग हाजी नावाची संस्था १९६३ पासून लोकांची हजसाठीची बचत सांभाळतेय, लोक हजसाठी पैसे टाकतात, नुसत्या परताव्याच्या टक्क्यासाठी नाही. अम्मीची एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरलेली रक्कम) मी उमऱ्याच्या, म्हणजे मक्केच्या यात्रेच्या नावाने सुरू केली. घरखर्चाचे, औषधाचे पैसे यात अजिबात घालायचे नाहीत, हे शेअर आहेत, खाली येतात. पहिल्यांदा आकडा लाल झाला तेव्हा तिने विचारलं, “गेले का रे पैसे?” त्या दिवशी फोनवर न सांगता घरी जाऊन शेजारी बसलो. तुम्हीही तेच करा. मग वर्षाला एकदा, जकातीचा हिशोब करता तेव्हाच, फंडाची किंमत धरा आणि नाजायज उत्पन्नाचा जो थोडा वाटा निघतो तो काढून द्या, अम्मी पासबुकातलं व्याज काढते तसाच.