गाडी नेमकी कुठे बनली? चेसिस नंबर सांगतो

एकच मॉडेल दोन-तीन देशांत बनतं आणि जुनी गाडी घेताना आपल्या वाट्याला कुठली आली, ते नावावरून कळत नाही. १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर वाचा.

१. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा समोरच्या काचेखाली तो बहुधा सापडतो. धूळ पुसा, मोबाइलने फोटो काढा.

२. पहिलं अक्षर बघा: जे (J) म्हणजे जपान, के (K) कोरिया, १, ४, ५ अमेरिका, ३ मेक्सिको.

३. अकरावं चिन्ह बहुतेक कंपन्यांत कारखान्याचं असतं. हेच खरं कामाचं! त्या कारखान्याच्या, त्याच वर्षाच्या गाड्यांच्या तक्रारी आणि रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) शोधा.

मात्र पहिलं अक्षर जर्मनीचा डब्ल्यू (W) दिसला म्हणून गाडी जर्मनीतच जुळली असं धरू नका. काही जर्मन कंपन्या बाहेर बनलेल्या गाड्यांनाही तेच अक्षर देतात.