भजनी मंडळात सूर वर चढत असे, त्यावरचा उपाय: माझा अनुभव

घरी तानपुऱ्याच्या ॲपवर सूर नीट लागत असे. मंडळात मात्र टाळांच्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू येईना, त्यामुळे नकळत जोर वाढून दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर वर चढलेला असे. मोठ्याने गाऊन आणि पेटीला खेटून बसूनही फरक पडला नाही. सहा महिने मी रडकुंडीला आले होते.

शेवटी हा क्रम लागू पडला. निघण्यापूर्वी, मंडळाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी, असल्याने, ॲप त्याच पट्टीत लावून ओठ मिटून दहा मिनिटे केवळ षड्ज (‘सा’) धरला. तेथे टाळ खाली ठेवून पहिले ध्रुपद (पालुपद) फक्त ऐकले. नंतर कानाच्या छिद्रापुढील कूर्चा बोटाने हलकेच दाबून (आतला आवाज लगेच स्पष्ट होतो), शेजारणीचा सूर दुसऱ्या कानाला ऐकू येत राहील इतक्याच आवाजात गायले. टाळ तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हाती घेतले.