१६ मिमीवर ‘हाय नून’ बघताना या चुका टाळा

१६ मिमी, म्हणजे १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या पट्टीवर चित्रपट बघताना चित्र थरथरलं किंवा आवाज घोगरा आला, की ‘प्रिंटच खराब आहे’ म्हणून लोक मोकळे होतात. पुष्कळदा प्रिंट, म्हणजे चित्रपटाची फिल्मवरची प्रत, ठणठणीत असते. प्रोजेक्टर, वीज नाहीतर लेन्स यांचं काहीतरी बिनसलेलं असतं. हा गैरसमज महागात पडतो, कारण प्रोजेक्टरला नवा बेल्ट आणि नवा बल्ब मिळतो, पट्टीच्या कडेची फाटलेली छिद्रं मात्र परत मिळत नाहीत.

उदाहरणाला १९५२ चा अमेरिकी वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, ‘हाय नून’ घेऊ. ८५ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट, म्हणजे १६ मिमीवर साधारण ३,०६० फूट. १,६०० फुटांची दोन रिळं. कुणी ४०० फुटांच्या एकाच रिळाला ‘संपूर्ण चित्रपट’ म्हणत असेल, तर त्यात जेमतेम ११ मिनिटं आहेत.

डबा उघडला की रीळ चढवणं

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेटची (पट्टी ज्या प्लास्टिकची असते, त्याचा एक प्रकार; दुसरा पॉलिएस्टर) पट्टी कुजायला लागली आहे. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. असं रीळ बाकीच्या संग्रहापासून वेगळं, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. हवाबंद पिशवीत मात्र कोंडू नका, आतली आम्लाची वाफ आतच राहून काम आणखी वेगानं बिघडवते. मुंबईची किंवा कोकणाची दमट हवा अशा रिळाला मुळीच मानवत नाही.

मग पूर्ण रीळ हातानं, सावकाश, एकीकडून दुसरीकडे गुंडाळा. पट्टी फक्त कडांना धरायची. बोटांना फाटलेली छिद्रं आणि सुटत आलेले जोड लागतात. तिथेच थांबून जोड नवा करा. अ‍ॅसिटेटला फिल्म सिमेंट चालतं, पॉलिएस्टरला चालत नाही, तिथे टेपचाच जोड हवा. ओळखायचं कसं? रीळ बाजूनं उजेडासमोर धरा. उजेड आरपार आला तर पॉलिएस्टर, काळोख दिसला तर अ‍ॅसिटेट. पॉलिएस्टर तुटत नाही, म्हणून ते ‘मजबूत’ समजून बेफिकीर राहू नका. पट्टी अडकली तर तुटेल ते प्रोजेक्टरच्या आतलं काहीतरी.

लूपकडे दुर्लक्ष

सर्वात जास्त प्रिंटांचं वाटोळं इथे होतं. गेटमध्ये, म्हणजे लेन्समागे जिथे पट्टीवर उजेड पडतो तिथे, पट्टी एकेक चौकट थांबत थांबत सरकते, पण रिळावरून आणि ध्वनीच्या ड्रमवरून ती एकसारखी वाहते. या दोन चालींची सांगड गेटच्या वर आणि खाली सोडलेल्या ढिल्या वळणामुळे, म्हणजे लूपमुळे, बसते. वळण लहान झालं, की चित्र उभं फासल्यासारखं दिसतं, खडखडाट होतो आणि प्रोजेक्टरची नखी छिद्रांच्या कडा कुरतडत जाते. अशा वेळी लोक फ्रेमिंगची कळ फिरवत बसतात. ती फक्त दोन चौकटींमधली काळी रेघ पडद्यावर डोकावली तर फिरवायची. लूप गेला असेल तर आधी मोटर बंद करा, मग विचार करा.

खालच्या लूपचं मापही महत्त्वाचं. १६ मिमीवर प्रकाशध्वनी (पट्टीच्या कडेला छापलेला, उजेडानं वाचला जाणारा आवाज) चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. पट्टी माप चुकवून बसवली तर नायक गॅरी कूपरचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तक्रार अर्थात प्रिंटच्या नावावर.

नव्यानं हाती आलेल्या प्रोजेक्टरवर पहिली फेरी कधीही चांगल्या प्रिंटची नको. एखादी टाकाऊ पट्टी पाच मिनिटं चालवा, मग तिच्यावर नव्या रेघा उमटल्यात का ते बघा.

अमेरिकी प्रोजेक्टर, भारतातली वीज

११० व्होल्टचं यंत्र २३० वर लावायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला की झालं, असं वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट उतरवतो, ६० हर्ट्झसाठी बनलेल्या यंत्राला इथले ५० हर्ट्झच मिळत राहतात. इंडक्शन मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २० चौकटी धावतात. आवाज जाडाभरडा होतो आणि ८५ मिनिटांचा चित्रपट १०२ मिनिटं चालतो. ‘हाय नून’मध्ये हे फारच खटकतं, कारण गोष्ट जवळपास भिंतीवरच्या घड्याळाबरोबर पुढे सरकते, इथे पडद्यावरचं मिनिट ७२ सेकंदांचं होऊन बसतं. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली. काही यंत्रांत ती आधीपासून असते, फक्त बेल्ट दुसऱ्या खाचेत सरकवायचा. मूकपटांचा १८ चौकटींचा खटका चुकून दाबला गेलेला नाही ना, तेही बघून घ्या.

जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करणं

आकाश पांढरंफटक दिसतंय म्हणून बल्ब बदलायला धावू नका. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी आणि दिग्दर्शक फ्रेड झिनमन यांना अमेरिकी यादवीच्या काळातल्या छायाचित्रांसारखं कोरडं, करकरीत चित्र हवं होतं. ढग खुलवणारे फिल्टर त्यांनी मुद्दाम टाळले.

पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र मोठं करून वरची-खालची कड बाहेर सांडू देणंही नको. चौकट १.३७ ची, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद आहे. वेस्टर्नमध्ये टोप्याच कापल्या तर उरलं काय! उलट एखाद्या स्कोप प्रिंटवर (जिच्यात रुंद चित्र आडवं दाबून बसवलेलं असतं) घोडे उंटांसारखे लांबुळके दिसले, तर प्रिंट नाही, दुप्पट पसरवणारी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स कमी आहे.

रंगीत वेस्टर्न लालभडक दिसत असेल तर मात्र दोष खरोखर प्रिंटचा. साधारण १९८० च्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमन (कोडॅकच्या रंगीत फिल्मवरच्या) प्रिंटांतला निळसर रंग आधी उडतो. लेन्सपुढे फिकट निळा फिल्टर धरला तर डोळ्यांना थोडं सुसह्य होतं, गेलेला रंग परत येत नाही.

सुपर ८ (घरगुती वापराची ८ मिमीची फिल्म) वाल्यांसाठी एकच सूचना. चुंबकीय ध्वनीच्या पट्टीवर रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, की तेवढा आवाज कायमचा पुसला जातो. ज्या यंत्रात ते बटण आहे, त्यावर आजच चिकटपट्टी लावून टाका.