वजन ९१ च्या वर आहे आणि किकबॉक्सिंग करायचंय? खान्देशातल्या जड पोरांसाठी

आपल्याकडे एखादं पोरगं अंगानं भरलं की गाव त्याचं ठरवूनच टाकतं, एक तर कुस्ती नाहीतर पोलीस भरती. मी पण आखाड्यातूनच आलो, अमळनेर साईडचा, १९ व्या वर्षी १०४ किलो होतो आणि पाय कंबरेच्या वर जात नव्हता. पुढे ९ वर्षं प्लस ९१ मध्ये, म्हणजे ९१ किलोच्या वरच्या गटात, खेळलो, आता पोरं शिकवतो. दर महिन्याला शिरपूर, शहादा, रावेर कुठून ना कुठून फोन येतो की दादा मी ११० किलोचा आहे, हेवीवेट फायटर व्हायला काय करू. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. जड पोराला मेडल लवकर मिळतं आणि लढत उशिरा मिळते. जिल्हा स्पर्धेत हलक्या वजनात पोरांची रांग असते, पण प्लस ९१ मध्ये दोघं, कधी तर एकटाच. माझं जिल्ह्याचं गोल्ड मी एकही लाथ न खाता घेतलं, समोरचा आलाच नाही. स्टेटला एक जिंकलो एक हरलो, सिल्वर. चौकात बॅनर लागला, हार घातले, मला वाटलं झालो मी फायटर. मग बाहेरच्या एका स्पर्धेत असा पोरगा भेटला की ज्याच्या तिसेक लढती झालेल्या होत्या, त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती डावी मांडी, डावी मांडी, परत डावी मांडी, दुसऱ्या राऊंडला पाय माझा राहिलाच नाही आणि कोचनं टॉवेल टाकला, म्हणजे हार मानून लढत थांबवली. येताना भुसावळला गाडीतून उतरताना डब्याच्या पायरीवर पाय टेकवता येईना, एका हमालानं काखेत हात घालून उतरवलं. माय मांडीला शेक देता देता एवढंच बोलली, "इतला मार खाईसन तुले काय भेटस रे?" त्या रात्री हिशोब केला, घरात मेडल दोन आणि आयुष्यात लढती तीन.

म्हणून पहिलं काम, एक वही घ्या. तिच्यात मेडल नाही लिहायचे, लढती लिहायच्या. २०-२५ खऱ्या ॲमॅच्युअर लढती होईपर्यंत प्रोफेशनल हा शब्द तोंडात आणू नका, हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

आता खेळ समजून घ्या कारण बऱ्याच पोरांना नेमकं कशात उतरायचंय तेच माहीत नसतं. ॲमॅच्युअरमध्ये जगातली मोठी संघटना वाको, १९७६ ला सुरू झाली आणि २०२१ ला तिला ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. (मान्यता मिळाली म्हणजे खेळ ऑलिंपिकमध्ये आला असं नाही, हे पण लक्षात ठेवा, कुणी तसं सांगून ॲडमिशन घ्यायला लावतं.) त्यात मॅटवरचे प्रकार वेगळे आणि रिंगमधले वेगळे. आपल्यासारख्यांचं काम रिंगमध्ये. फुल कॉन्टॅक्टला किक कंबरेच्या वरच, लो किकला मांडीवर पण चालते, आणि के-वन प्रकारात गुडघा पण मारता येतो, कोपर मात्र कशातच नाही. लढत २ मिनिटाचे ३ राऊंड, मधे १ मिनिट. रिंगमध्ये पुरुषांचा शेवटचा गट प्लस ९१, त्याला वरची मर्यादा नाही, म्हणजे तुम्ही ९२ चे असलात तरी समोर १२५ चा येऊ शकतो. त्यामुळे ज्याचं वजन ९३-९४ आहे आणि उंची साधारण आहे त्यानं ३ महिने जेवण सुधारून सावकाश ९१ च्या आत यावं, तिकडे पोरं पण जास्त मिळतात आणि लढती पण. पाणी तोडून, घाम काढून एका आठवड्यात वजन पाडायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडच्या उन्हात तर अजिबात नाही.

प्रोफेशनलमध्ये ३ मिनिटाचे राऊंड असतात, ग्लोरीसारख्या मोठ्या प्रोफेशनल किकबॉक्सिंग संघटनेत टायटलची लढत ५ राऊंडची, आणि तिथला हेवीवेट ९५ किलोच्या वरचा. २ मिनिट आणि ३ मिनिट यात एकच मिनिट दिसतं पण ११० किलोच्या माणसाला ते एक मिनिट म्हणजे काय असतं ते पंचिंग बॅगवर टायमर लावून बघा.

कुस्तीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. आखाड्यातून आलेल्या पोराकडे मान असते, कंबर असते, दम पण असतो, पण उभं राहणं सगळं उलटं असतं. आपण वाकून, डोकं पुढं काढून, वजन पुढच्या पायावर टाकून उभे राहतो कारण समोरच्याचा पट काढायचा, म्हणजे पाय धरून त्याला पाडायचं असतं. रिंगमध्ये पुढं काढलेलं डोकं थेट गुडघ्यावर जातं, आणि ज्या पायावर वजन आहे तो पाय उचलता येत नाही म्हणजे लो किक पूर्ण मांडीवर बसते. माझं तेच झालं होतं. तर पहिले २-३ महिने आरशासमोर किंवा भिंतीसमोर नुसतं उभं राहायला शिका. पाठ सरळ, हनुवटी खाली, वजन दोन्ही पायांवर वाटलेलं, असं की कोणी टाळी वाजवली की पुढचा पाय लगेच वर आला पाहिजे. लो किक चेक करणं, म्हणजे अडवणं, एवढंच असतं, गुडघा वर आणि किंचित बाहेर, समोरच्याची नडगी आपल्या मांडीवर न येता आपल्या नडगीच्या वरच्या भागावर, गुडघ्याच्या जरा खाली यायला पाहिजे. रोज दोन्ही पायांनी १००-१०० वेळा. कंटाळा येतो, करा.

मी पायावर एवढा अडून का बसलोय त्याचं उदाहरण देतो. जपानमध्ये १९९३ ला के-वन नावाची प्रोफेशनल स्पर्धा सुरू झाली, तिची ग्रांप्री म्हणजे ८ जण एका रात्रीत, जिंकायचं तर एकाच रात्री ३ लढती. १९९६ ला ती ग्रांप्री स्वित्झर्लंडच्या अँडी हगनं जिंकली, उंची १८० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे त्या राक्षसांमध्ये बारकाच, आणि फायनलला त्यानं माईक बर्नार्डोसारख्या धिप्पाड माणसाला गरकन फिरून टाच मांडीवर मारून पाडलं, मांडीवर, डोक्यावर नाही. हॉलंडचा एर्नेस्टो होस्ट ४ वेळा चॅम्पियन झाला तो हातांच्या मागून येणाऱ्या लो किकवरच, आधी दोनतीन पंच द्यायचे, समोरचा हात वर घेतो, मग खाली मांडी मोकळी. आता कोणी म्हणेल वजनाला काही किंमत नाही का, तर आहे, २००२ ला बॉब सॅप नावाच्या १६० किलोच्या आसपासच्या माणसानं ह्याच होस्टला दोनदा मारलं, नुसता अंगावर जाऊन. पण दुसऱ्या वेळी सॅपचाच हात मोडला, तो पुढे खेळू शकला नाही, त्याच्या जागी होस्ट परत आत आला आणि त्याच रात्री ग्रांप्री जिंकून गेला. पुढच्या वर्षी मिर्को क्रोकॉपनं त्याच सॅपला एका सरळ डाव्या पंचनं पहिल्याच राऊंडला बसवलं. नुसतं वजन एका लढतीपुरतं पुरतं, करिअरला नाही.

सामान. बॅग विकत घेता आली तर ठीक, नाहीतर ताडपत्रीवाल्याकडून जाड कॅनव्हासची शिवून घ्या, ५ ते ६ फूट लांब, आणि टेलरकडच्या चिंध्या दाबून दाबून भरा, ५०-६० किलो झाली पाहिजे. वाळू भरू नका, ती खाली बसते आणि महिनाभरात बॅगचं बूड दगड होतं, मग मनगट जातं नाहीतर पायाचा अंगठा. घरातल्या पत्र्याच्या अँगलला टांगू नका, निंबाच्या जाड फांदीला किंवा गोडाऊनच्या लोखंडी आड्याला. ग्लोव्ज दोन जोड, बॅगला वेगळे, आणि स्पारिंगला (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला) १६ औंसचे, मॅचला १० चे असतात ते तिथे मिळतात. माऊथगार्ड, नडगीचे गार्ड, खालचं गार्ड आणि हेल्मेट, यात कंजूषी नको.

आणि हो, केळी. सध्या रावेर-यावल पट्ट्यातली पोरं थायलंडवाल्यांसारखं केळीच्या खोडाला लाथा मारून रील टाकतात. घड कापून झालेलं उभं खोड असेल आणि मालकाला विचारलं असेल तर मारा, ते पाण्यानं भरलेलं मऊ असतं, नडगीला फार काही होत नाही, कपड्याला डाग मात्र निघत नाहीत. पण नडगी त्यानं तयार होत नाही. नडगी तयार होते बॅगवर रोजच्या २००-३०० लाथांनी, वर्ष दीड वर्षात, हळूहळू. बाटली लाटणं, काठीनं ठोकणं हे प्रकार करू नका, हाड सुजतं आणि दोन महिने घरी बसावं लागतं.

दम. जड माणसानं डांबरी रोडवर रोज १० किलोमीटर पळू नये, गुडघे जातात. आखाड्याच्या मातीत दोरी मारा, सुरुवातीला १-१ मिनिट, शेताच्या मऊ रस्त्यावर ३-४ किलोमीटर, आणि नदीला पाणी असेल तर पोहा. बाकी दम बॅगवरच येतो, २ मिनिट मारायचं १ मिनिट थांबायचं, असे आधी ५ मग ८ राऊंड. मार्च ते जून पहाटे ५ ला सुरू करून ७ ला बंद, जळगाव-भुसावळला ४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा दुपारी पत्र्याच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस घेणारा कोच असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

खुराकाचं लोक फार मोठं करून सांगतात. ९५-१०० किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण १५०-१६० ग्रॅम प्रोटीन लागतं, अंडी, दूध, दही, डाळ, चिकन, शेंगदाणे यातून बरंचसं निघतं. दादरची किंवा कळण्याची भाकर, सोबत घट्ट वरण, यासारखं जेवण नाही. शेवभाजीची तर्री आणि वरण-बट्टीवरचं तूप रविवारी. जिममध्ये कोणी डब्यावर नाव नसलेली पावडर, गोळी, इंजेक्शन दिलं तर घेऊ नका. नाडाची, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, टेस्ट होते, आणि पहिल्याच वेळी सापडला तर ४ वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. मला माहीत नव्हतं हे कारण तिथे चालत नाही.

सगळ्यात अवघड भाग पार्टनरचा. तुमच्या तालुक्यात तुमच्या वजनाचा दुसरा किकबॉक्सर नसणार, हे धरूनच चला. मी काय केलं ते सांगतो, आठवड्यातून दोन दिवस आखाड्यातल्या दोन पैलवानांना हातात पॅड धरायला शिकवलं, बदल्यात त्यांच्याबरोबर माती खेळलो, क्लिंचचं, म्हणजे उभ्यानं एकमेकाला धरून झुंजायचं, काम तिथेच झालं. चपळाईसाठी ७०-७५ किलोच्या पोरांबरोबर स्पारिंग, पण तिथे आपण ताकद लावायची नाही, फक्त टच, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कोणी येत नाही. आणि दर दोन महिन्यांनी बॅग उचलून रात्रीची गाडी धरून मुंबई, पुणे किंवा नाशिकला ४-५ दिवस, जिथे जड पोरं आहेत त्या जिममध्ये आधी फोन करून. तो खर्च म्हणजे तुमची फी समजा. वस्तादांना न सांगता आखाडा सोडू नका, पाया पडून सांगा, माझे वस्ताद दोन महिने बोलले नाहीत पण नंतर पॅड धरायला पोरं त्यांनीच पाठवली.

डोक्याबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. हेवीवेटचा पंच हेवीवेटचाच असतो, हेल्मेटनं कातडी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. कडक स्पारिंग आठवड्यातून एकदाच. नॉकआऊट झालात तर कमीत कमी महिनाभर डोक्याला मार नाही, नंतर डॉक्टरला दाखवून मगच. लढतीनंतर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं तर रात्री कितीही वाजले असू देत हॉस्पिटल गाठा, सकाळी बघू म्हणू नका.

पैशाचं खरं सांगतो. भारतात नुसत्या प्रोफेशनल लढतींवर घर चालवणारे फार थोडे. म्हणून शिक्षण सोडू नका आणि सर्टिफिकेट जपा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण सर्टिफिकेट पडताळणीतून पास व्हायला लागतं, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते काम नाशिकच्या क्रीडा उपसंचालकांकडे. एका संघटनेनं माझ्याकडून एन्ट्री फी, किटचे पैसे, "इंटरनॅशनल"च्या नावाखाली अजून पैसे घेतले आणि त्यांचा कागद पुढे कुठेच चालला नाही, दोन वर्षं गेली. तुम्ही फॉर्म भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसला जा आणि तोंडावर विचारा, साहेब हे सर्टिफिकेट चालतं का. प्रो लढतीची ऑफर आली तर तीन गोष्टी कागदावर घ्या, समोरच्याचं वजन आणि त्याच्या आधीच्या लढती, तिकीट-राहण्याचा खर्च कोणाचा, आणि दुखापत झाली तर दवाखाना कोण भरणार. तोंडी शब्दावर रिंगमध्ये जाऊ नका.

पहिल्या लढतीला जाताना मेडिकलचे कागद, आधार, दोन जोड हँडरॅप, जुनी चप्पल, घरची भाकरी-शेंगदाणे आणि ती वही. लढत झाली की अंग गार व्हायच्या आत लिहा, समोरच्याचं वजन किती, त्यानं कुठला पाय मारला, तुमचा दम कितव्या मिनिटाला तुटला. समोरचा आलाच नाही तर तेही लिहा, "आला नाही", आणि मेडल खिशात टाकून तिथल्याच एखाद्या कोचकडे जाऊन विचारा की तुमच्या जड पोराबरोबर ३ राऊंड हलकं खेळू का, ग्लोव्ज तर आणलेलेच आहेत.